पूर्ण वाजू दिलेला फोन

फोन वाजला तशी मी ताडकन उठले आणि गिरणीचं बटण दाबलं. पट्टा फिरला, दगड फिरले, खोलीभर घरघर झाली आणि फोन ऐकू येईनासा झाला. वरच्या पेटीत गव्हाचा दाणा नव्हता. कोरडे दगड एकमेकांवर घासून जळका वास सुटला, तरी मी भिंतीला पाठ लावून तशीच उभी. छाती धाडधाड उडत होती आणि तळहात घामानं भिजले होते.

तेवढ्यात गजराबाई दारात आली. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर.

"अगं ए रतन! रिकामी गिरणी चालवतीस व्हय? दगडाचं वाटोळं हुईल की!"

"साफ करतीय," मी ओरडून म्हटलं.

"कालबी साफच करत हुतीस." तिनं हातातला मोबाइल उंच करून दाखवला. "दिगू हाय. आधी तुझ्याकडंच लावला म्हणं. बंद कर ते, आणि बोल."

दिगंबर माझा एकुलता एक. तो तिकडं तमिळनाडूत, सेलमला, गलाईच्या दुकानात. गलाई म्हणजे सोन्याचांदीची मोड आणि सराफाच्या दुकानातला केर भट्टीत वितळवून त्यातनं शुद्ध सोनं काढायचं काम. आमच्या गावात घरटी एकजण तरी ह्या कामाला परमुलखात आहे. गावात उरतो आम्ही बायका, म्हातारी माणसं आणि फोन. सगळ्या गावाचा संसार फोनवर चालतो आणि त्या गावात मला एकटीला फोनची धडकी.

मी गिरणी बंद केली. पण फोन कानाला लावणं काही मला जमत नव्हतं. स्पीकर लावला तरी मी दारापर्यंत मागं सरकायची. म्हणून आमचं मायलेकरांचं बोलणं असं चालायचं, की फोन गजराबाईच्या कानाला आणि ती दोन्हीकडं ओरडणार.

"विचारतोय, गुडघा कसा हाय?"

"बरा हाय म्हणावं. जेवतोय का वेळेवर, विचार."

"जेवतोस का रं वेळेवर? ... जेवतोय म्हणतोय. पण खोटं बोलतोय बघ, आवाजावरनं कळतंय मला."

तिला आवाजावरनं कळायचं! माझ्या पोराचा आवाज ती ऐकणार आणि मला तो तिच्या तोंडून मिळणार. बाई मनानं सोन्यासारखी, पण त्या वेळी मला तिचा असा राग यायचा की बस.

त्या दिवशी ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग फोन खाली घेऊन हळू बोलली. गजराबाई हळू बोलली, की समजावं काहीतरी बिनसलंय.

"रतन, तो म्हणतोय, हितनं पुढं तुझ्या फोनवर न्हाई लावणार. वाजला की तुला तरास हुतो म्हणून. माझ्याकडंच करीन म्हणतोय."

"बरं हुईल म्हणावं," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी परत गिरणी लावली. रडताना आवाज बाहेर जायला नको म्हणून.

ह्याचं मूळ गावात सगळ्यांना माहीत होतं. आमचे मालक, दिगूचे वडील, गिरणीचा पट्टा आणायला कराडला गेले होते. फोन वाजला तेव्हा वाटलं ह्यांचाच. पिठाचे हात पदराला पुसत मी हसत हसत फोन उचलला, तर पलीकडं कुणी पोलीस. पुढचं सांगत नाही. तेव्हापासून फोन वाजला की माझ्या मनात एकच, आता दिगूचं. तो भट्टीपाशी काम करतो, ॲसिडपाशी काम करतो. मी उचलत नाही तोवर माझं पोर धड आहे. असला खुळा हिशोब होता माझा. खुळा आहे हे मलाही कळत होतं, पण छातीला कोण सांगणार?

शेवटी सुवर्णा मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. सुवर्णा म्हणजे आमच्या गावची आशा सेविका. तिथं छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, काळीज ठणठणीत आहे, आणि मला शेवटच्या खोलीकडं पाठवलं. दारावर पाटी होती, समुपदेशन. ती खोली कसली हे बाकावरच्या सगळ्या बायकांना माहीत. माझ्याकडं बघून त्यांनी पाय आत ओढून घेतले.

"मी खुळी न्हाई," आत गेल्या गेल्या मी सांगून टाकलं.

"मीबी न्हाई," टेबलामागची पोरगी म्हणाली. "बसा मावशी."

फरजाना मुलाणी तिचं नाव. आमच्याच बाजूची, वयानं दिगूपेक्षा थोडी मोठी. मला वाटलं, ही आता गोळ्या देणार नाहीतर देवाधर्माचं सांगणार. तिनं मला गिरणीबद्दल विचारलं. झिजलेल्या दगडाला टाकी कधी लावता, बाजरी आणि गहू एकामागोमाग आले तर काय करता. आणि मग, "फोन वाजल्यावर काय करता?"

"गिरणी लावते."

"मग बरं वाटतं?"

"लगेच."

"आणि दुसऱ्या खेपेला वाजला की?"

"आदल्या खेपेपेक्षा जास्त धडधडतं."

"म्हणजे मावशी, गिरणी लावून तुम्ही त्या भीतीलाच दळून खायला घालताय. ती माजणार न्हाई तर काय?"

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे. ती म्हणाली, ह्या उपचाराला सीबीटी म्हणतात. मनात विचार काय येतो, त्यानं अंगात काय होतं आणि मग आपण कसं वागतो, हे तिन्ही उलगडून बघायचं आणि वागणं हळूहळू बदलायचं. "भीती चढती तशी उतरतीबी. तुम्ही तिला कधी उतरू दिलीच न्हाई, मधीच पळालात."

मग दर मंगळवारी मी एसटीनं जायला लागले. आधी बंद फोन मांडीवर घेऊन बसायचं. मग चालू फोन. मग फरजाना मॅडम समोर बसून माझ्या फोनवर फोन लावायची. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी तिचा हात असा आवळला, की तिची बांगडी पिचली. वाजून वाजून फोन थांबला आणि मी तिथंच होते, जिवंत.

"आता घरी," ती म्हणाली. "रोज सकाळी अकराच्या सुमाराला मी दवाखान्याच्या फोनवरनं लावीन. वाजला की गिरणी बंद करायची. फोनजवळ बसायचं आणि पूर्ण वाजू द्यायचा. कापायचा न्हाई, उशीखाली घालायचा न्हाई."

"उचलायचा?"

"अजून न्हाई. उचलायची पायरी हितं चढायची, माझ्यासमोर. घाई केली आणि दचकलात तर सगळं मागं जाईल."

मी तसंच केलं. अकरा वाजले, की दळणवाल्या बायकांना म्हणायची, जरा दम धरा. गिरणी थांबायची आणि फोन वाजायचा. पहिल्या दिवशी मी पायरीवर जाऊन ओकले. पुढं पुढं नुसता घाम. एक बाई म्हणाली, "रतनकाकी, उचल की, कुणाचा हाय?" मी म्हटलं, "माझ्या मॅडमचा. त्यो उचलायचा नसतो." ती माझ्याकडं बघतच राहिली. त्यात तिचंही काही चुकलं नाही.

गजराबाईच्या मार्फत मी दिगूला निरोप धाडला, की दिवाळीपर्यंत मी तुझा फोन उचलीन. आवाज ऐकला नाही ह्याला वर्ष उलटून गेलं होतं. मला माझ्या पोराशी एकटीनं बोलायचं होतं. गजराबाई मध्ये नको, कुणी मध्ये नको. एवढ्याचसाठी मी ती ओकारी सोसली.

मग एका मंगळवारी गेले, तर खोलीतलं कपाट बाहेर व्हरांड्यात. भिंतीवर नवीन चित्र लावलं होतं. हसऱ्या बाईच्या कानाला फोन आणि खाली मोठ्या अक्षरांत, आता मन मोकळं करा घरबसल्या.

"बसा मावशी," मॅडम म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "ह्या महिन्यापासून नवी व्यवस्था आलीय. तालुक्याची पदं बंद केली. आम्ही कंत्राटी, आम्हाला थांबवलं. आता जिल्ह्याला एकच केंद्र. तिथली माणसं पेशंटला फोन करणार आणि फोनवरच सगळं समजावणार."

"फोनवर?"

"लांबच्या वस्तीवरच्यांना बरं पडंल. डोंगरावरच्या बायकांना हितंवर येणं हुतं कुठं? तसं ते चांगलंच हाय."

"आणि मला?"

ती माझ्याकडं बघत राहिली आणि मी तिच्याकडं. कुणाला आधी हसू फुटलं माहीत नाही, पण आम्ही दोघी अशा हसलो, की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. फोनला भिणाऱ्या बाईचं औषध फोनवरनं येणार होतं! हसता हसता तिच्याच डोळ्यांतनं पाणी आलं.

"मी वर सांगितलंय, की ह्या बाईंची अडचणच फोन हाय, ह्यांना समोर बसवायला पायजे," ती म्हणाली. "ऐकतील का ठाऊक न्हाई. तुम्ही मात्र सराव सोडायचा न्हाई. काय करायचं?"

"वाजला की गिरणी बंद. जवळ बसायचं. पूर्ण वाजू द्यायचा."

"शाब्बास."

तेवढ्यात दोघंजण टेबल न्यायला आले. ती खुर्चीवरनं उठली, मीही उठले. तिनं माझा हात हातात घेतला आणि सोडला. तिचा नंबर मागून घ्यावा हे मला सुचलंच नाही. नंबर मागणं माझ्या डोक्यात येणार तरी कुठनं? पुढं मी खूप जणांना विचारलं. कुणी म्हणालं लग्न होऊन सोलापूरला गेली, कुणी म्हणालं शाळेवर लागली. मला ती परत भेटली नाही.

आठवडाभर फोन काही वाजला नाही. मग एका सकाळी, अकराच्याच सुमाराला, वाजला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, मॅडमनं जाता जाता त्या केंद्रातल्या माणसांना सांगून ठेवलं असणार, की रतन मावशींचा सराव चालू ठेवा. मी गिरणी बंद केली. फोनजवळ पाटावर बसले आणि पूर्ण वाजू दिला. दुसऱ्या दिवशी परत वाजला. परत तसंच. तिसऱ्या दिवशी तर माझा हातही ओला झाला नाही. फोन वाजत होता आणि मी शांतपणे बसून बाहेरच्या चिमण्या बघत होते. थांबल्यावर मी त्याला म्हटलं, "दमलास का रं?"

मला वाटलं, आता पुढची पायरी. आता मला बोलावतील कुठंतरी आणि समोर बसवून उचलायला शिकवतील.

पंधरवडा गेला. सुवर्णा दळण घेऊन आली. डबा ठेवून तशीच उभी राहिली.

"काकी, तुमचं नाव काढलं त्यांनी."

"कुणी? कशातनं?"

"जिल्ह्याच्या केंद्रातनं. माझ्याकडं यादी आली. पेशंट प्रतिसाद देत न्हाई म्हणत्यात. तीनदा फोन केला, एकदाबी उचलला न्हाई. तिसऱ्या खेपेला उचलला न्हाई की बंद करत्यात."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि अंगाची लाही लाही झाली.

"अगं, प्रतिसाद देत न्हाई? मी तर मन लावून वाजू दिला!"

"मला पटतंय वं काकी. पण त्यांस्नी काय कळणार?"

"मग मला तालुक्याला बोलवा म्हणावं. मी येते. चालत येते!"

"तसं आता ऱ्हायलं न्हाई," ती म्हणाली. तिला तरी कुठं बोलू मी? तिचा डबा तसाच राहिला होता, ते दळण करून दिलं.

तरी मी दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलेच. शेवटच्या खोलीत सलाइनचे खोके भरून ठेवलेले. खिडकीतल्या माणसाला मी सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, नाव परत घालता येतं. त्या चित्राखाली नंबर आहे, तिथं स्वतः फोन करायचा."

"दादा, फोन करता येत असता तर नाव कशाला घातलं असतं?"

त्यानं डोकं खाजवलं. कागदावर नंबर लिहून माझ्या हातात दिला.

त्याच आठवड्यात गजराबाईचा मुलगा तिला बरेलीला न्यायला आला. सुनेचं बाळंतपण होतं. बाई जायच्या आनंदात होती, पण माझ्या दारात आल्यावर तिचा चेहरा उतरला.

"दिगूचं काय करायचं गं? मी बरेलीत, त्यो सेलमात आणि तू हितं. आता दोघांस्नी ओरडून सांगू कशी?"

"बघू."

"बघू काय! माझ्याशिवाय कुणाच्या फोनवर लावणार न्हाई त्यो. त्यालाबी लाज वाटती, आई फोन घेत न्हाई म्हणायला."

ती गेली. घराला कुलूप लागलं. तिच्या घरातनं दिवसभर ऐकू येणारी तिची बडबड बंद झाली, तेव्हा मला कळलं की भिंतीपलीकडं माणूस असणं ही केवढी सोय असते. सकाळी दळणं व्हायची. दुपारी कुणी यायचं नाही. एकटीसाठी भाकरी थापायची म्हणून थापायची. चहा करायची आणि गार होईपर्यंत विसरायची. दिवसच्या दिवस दळणापलीकडं कुणाशी शब्द बोलला गेला नाही, की मी गिरणीशीच भांडायची.

आणि फोन वाजत नव्हता. दिगू लावणार नव्हता, केंद्र लावणार नव्हतं, मॅडम गेलेली. ज्याचा आवाज बुडवायला मी दगड झिजवले, तो फोन वाजावा म्हणून मी आता गिरणी बंद ठेवून बसायला लागले. एकदा शेजारच्या आळीत कुणाचा तरी वाजला, तर मी उठून फोनपर्यंत गेले. भ्यायला हवं होतं, ते लक्षातच आलं नाही. गेले आणि बघितलं, तर आपला गप्प. तिथंच खाली बसून मी मोठ्यानं रडले. कुणी ऐकायला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो कागद काढला. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते, नाव परत घालू. फोन हातात घेतला, चार आकडे दाबले आणि छाती उडायला लागली. भिंतीला टेकले. डोळ्यांपुढं काजवे. आणि अशा अवस्थेत माझ्या मनात काय यावं? मला माझाच राग आला. म्हटलं, रतन, मरायचंच असलं तर त्या केंद्रातल्या माणसापायी कशाला मरतीस? त्याला तुझं नावसुद्धा धड माहीत नाही. मरायचं तर पोराशी बोलून तरी मर.

दिगूनं मागं कधीतरी एकच्या बटणावर त्याचा नंबर घालून ठेवला होता. मी ते दाबून धरलं आणि डोळे मिटून फोन कानाला लावला. पलीकडं वाजायला लागलं. मॅडम म्हणायची तशी भीती चढली. चढू दिली. पळाले नाही.

"हॅलो! कोण बोलतंय?"

दिगूचाच आवाज. पण किती जाडा झालाय!

"हॅलो! आईचा फोन कुणाकडं हाय? कोण हाय? आईला काय झालं?"

मागं भट्टीची धडधड ऐकू येत होती. कुणीतरी त्याला त्यांच्या भाषेत काही विचारलं, त्याच्यावर तो खेकसला.

"अवं सांगा की! आईला काय झालंय? मी निघतो... हाय का ती? खरं सांगा!"

माझ्या नंबरवरनं मी बोलीन, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"अरं दिगू," मी म्हटलं. "मी हाय."

"कोण मी?"

"तुझी आई."

"आई, फोन तू केलास?"

"मग काय गिरणीनं केला?"

"काय झालंय? खरं सांग. पडलीस का?"

"कायबी न्हाई झालं. ऱ्हावलं न्हाई म्हणून केला."

मग त्याचं हुंदके देणं ऐकू आलं. बाप्या माणूस, चारचौघांत, दुकानात उभा राहून रडत होता. गजराबाईनं मध्ये उभं राहून हे मला कधीच सांगितलं नसतं.

"खुळ्या, रडतोस कशाला? आधी भट्टीपासनं बाजूला हो."

"हुतो," तो म्हणाला. "आई, ठेवू नको. जरा वेळ ठेवू नको."

"न्हाई ठेवत."

तो चालत बाहेर आला असावा, रस्त्यावरच्या गाड्या ऐकू यायला लागल्या. मी त्याचा श्वास ऐकत उभी होते. इतक्यात कधी नव्हे ती भर दुपारी दळणाचा डबा घेऊन एकजण दारात आली आणि गिरणी का बंद म्हणून ओरडायला लागली. मी तिला हातानंच गप्प केलं.